चंबूवरचा हात

कुठल्याही कामावर हात ठेवून प्रार्थना केल्याशिवाय ते सुरू करायचे नाही, हे व्रत उनाइसीने घेतले त्याला बावीस वर्षे झाली होती. आई तापाने फणफणली होती तेव्हा इस्पितळाच्या बाकावर बसून घेतलेले व्रत. आई खडखडीत बरी झाली, आणि अजून नाउसोरीत बसून फोनवरून साऱ्या भाऊबंदांना नावे ठेवत होती, त्यामुळे व्रत सोडायला काही जागाच उरली नव्हती. उनाइसी कसाव्याच्या कंदांच्या पातेल्यावर हात ठेवी, शिवणाच्या यंत्रावर ठेवी, ओसरीच्या झाडूवरही ठेवी. पातेले चुलीवर चढवण्याआधी हात ठेवायचा असतो, हे कळायला तिला दोनदा बोटे भाजून घ्यावी लागली. सकाळी बसच्या दारावर हात ठेवून ती डोळे मिटी, तेव्हा चालक म्हणे, “बाई, चढा तरी, नाहीतर बसच घरी घेऊन जा.” मागचे लोक हसत आणि मग सवयीने “आमेन” म्हणून टाकत.

आपण थोड्या हास्यास्पद दिसतो हे तिला ठाऊक होते. देवाला आपला हात दिसतो की नाही याची तिला कधी कधी शंका येई. लोकांना दिसतो याबद्दल मात्र तिळमात्र शंका नव्हती.

फिजीतल्या सुवा शहरात, बंदराच्या वरच्या टेकडीवर, बेटांवरचे पाणी, माती आणि फवारणीची औषधे तपासणारी एक लहानशी प्रयोगशाळा होती. उनाइसी चार वर्षांपासून तिची प्रमुख होती. प्रमुख म्हणजे काय, तर माणसे अकरा, त्यातली तीन रजेवर. कामाचा खरा भार होता सुरुजमतीवर. ती बा गावाकडची, उसाच्या मळ्यात वाढलेली, आणि एकतीस वर्षे त्याच एका टेबलाशी ब्युरेट, म्हणजे थेंब सोडायची तोटीची काचनळी, हातात घेऊन उभी. थेंब मोजण्यात तिचा हात धरणारे साऱ्या फिजीत कुणी नव्हते. उनाइसी तिला सुरुजदीदी म्हणे. ती उनाइसीला दोघीच असताना ‘उना’ म्हणे आणि चारचौघांत ‘मॅडम’.

प्रयोगशाळेचा कागद मात्र कुठे चालत नव्हता. इथल्या सहीला बाहेर मान्यता नव्हती, म्हणून बेटांवरचे नमुने विमानाने ब्रिस्बेनला जात आणि उत्तर यायला सहा आठवडे लागत. तोवर ज्या डालोच्या, म्हणजे अळकुडीच्या, शेताबद्दल विचारले होते, तिथला डालो उकडून, खाऊन झालेला असे. उनाइसीने चार वर्षे अर्जांमागून अर्ज केले, तेव्हा कुठे परीक्षा ठरली. ब्रिस्बेनहून एका बाटलीत पांढरी पावडर आली. नाव नाही, नुसता क्रमांक. वीस अंशांना ही पावडर एक लिटर पाण्यात किती विरघळते ते मोजा, तीन आठवड्यांनी गुरुवारी परीक्षक श्री. डन येतील, बंद पाकिटातल्या आकड्याशी तुमचा आकडा ताडून पाहतील. जमले तर मान्यता. नाही जमले तर पुन्हा अर्ज तीन वर्षांनी.

आणि सुरुजमती दोन वर्षांनी निवृत्त होणार होती. तिची सही असलेले एक तरी प्रमाणपत्र जगात चालावे, एवढे उनाइसीच्या मनात होते. हे ती कुणाला बोलली नव्हती. बाकी सगळे बोलली होती. रविवारी चर्चमध्ये उभी राहून तिने परीक्षेची अशी घोषणा केली की तलातलांनी, म्हणजे पाद्रींनी, उपदेश थांबवून पावडरीसाठी प्रार्थना घेतली. दोनशे माणसांनी माना खाली घालून एका पांढऱ्या पावडरीचे भले चिंतले. बाहेर पडताना एका म्हाताऱ्या मावशीने विचारले, “ही पावडर तोंडाला लावायची का गं? आमच्या सुनेला देशील थोडी?”

काम सांगायला सोपे होते. चंबूत पाणी घ्यायचे आणि त्यात मावेल त्याहून जास्त पावडर टाकायची. असे तीन चंबू कोमट टाकीत हलत ठेवायचे. पहिला एक दिवस, दुसरा दोन, तिसरा तीन. मग प्रत्येकाला वीस अंशांच्या थंड टाकीत आणखी एक दिवस गप्प बसवायचे. वरचे नितळ पाणी गाळून घेऊन त्यात किती पावडर उतरली ते मोजायचे. तिन्ही आकडे जुळले, की पाण्याचे पोट भरले, आता त्याला आणखी घास नको. तिसरा आकडा बराच वर गेला, तर पाणी अजून भुकेले आहे.

पहिला चंबू उनाइसीने स्वतः थंड टाकीतून काढला, पुसला, दोन्ही तळव्यांत धरला आणि दोन मिनिटे प्रार्थना केली. सुरुजमतीही मान खाली घालून, डोळे मिटून उभी राहिली. ती मंगळवारी रामायण वाचणारी बाई, पण दुसऱ्याच्या प्रार्थनेत उघड्या डोळ्यांनी उभे राहणे तिला कधी जमले नाही. मग तिने पाणी गाळले, ब्युरेटमधून सोड्याचे पाणी थेंबाथेंबाने सोडले, आणि रंग गुलाबी झाल्याबरोबर हात थांबवला.

“तीन ग्रॅम, उना. लिटरला तीन.”

दुसऱ्या चंबूला उनाइसीने पहिल्याबद्दल आभार मानायचे म्हणून थोडी जास्त प्रार्थना केली. आकडा आला तीन पूर्णांक तीन. तिसऱ्याला ती काळजीत होती. तान्ह्या बाळाला डुलवावे तसा चंबू छातीशी धरून, हलकेच डुलवत, ती बराच वेळ उभी राहिली. तीन पूर्णांक सात.

“पाणी भुकेलं आहे,” उनाइसी म्हणाली. “आणखी दिवस देऊ या.”

पुढच्या आठवड्यात चौथा चंबू चार दिवस हलला आणि पाचवा पाच. पाचव्याच्या वेळी उनाइसीने पाठ असलेले सगळ्यात लांब स्तोत्र म्हटले, मागच्या गल्लीतल्या आजारी माणसांची नावे घेतली, आणि श्री. डन यांचा विमानप्रवास सुखाचा होवो हेही मागितले. खोलीत नुसता पंखा फिरत होता. तिच्या पाठीवरून घाम ओघळत होता. आकडा आला चार पूर्णांक एक.

असे कुठले पाणी असते, ज्याचे पोट भरतच नाही! उनाइसीने टाकी तपासली, टाकी ठीक होती. तराजू तपासला, तराजू ठीक होता. मग माणूस जे करतो तेच तिने केले. जो सगळ्यात जवळ होता, त्याला धरले.

“दीदी, पावडर तू जास्त टाकलीस का?”

“जास्तच टाकायची असते. तूच तर सगळ्यांना शिकवतेस.”

“मग सोड्याचं पाणी पातळ झालं असेल.”

“परवा नवं केलं. खाली तुझी सही आहे, बघ.”

“नाहीतर मग... खरं सांग. आत अगरबत्ती लावलीस का?”

हे ऐकून सुरुजमतीने ब्युरेटची तोटी बंद केली. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. प्रमुख झाल्यावर उनाइसीने काढलेला पहिला हुकूम म्हणजे तराजूच्या खोलीतली पाटी: ‘येथे धूर, राख, फुले व देवकार्य यांस मनाई आहे.’ सुरुजमती सत्तावीस वर्षे वजन करण्याआधी एक काडी लावत आली होती. उनाइसीने तिला प्रेमाने समजावले होते, राखेचा एक कण पडला तरी मोजमाप बिघडते, श्रद्धा मनात असावी, हाताने काही करायला नको. हाताने काही करायला नको! हे वाक्य ती तेव्हा एक हात तराजूवर ठेवूनच बोलली होती. तेव्हापासून सुरुजमतीची काडी बाहेर, पायरीशेजारच्या जास्वंदीच्या कुंडीत जळत असे.

“मॅडम,” सुरुजमती म्हणाली. खोलीत दुसरे कुणीही नव्हते. “चार वर्षं माझा देव बाहेर पायरीवर उभा आहे. पावसात सुद्धा. मी त्याला आत आणलेला नाही.”

आणि दुपारी ती आपला डबा घेऊन एकटी जास्वंदीपाशी जाऊन बसली. एरवी तिची रोटी आणि भोपळ्याची भाजी अर्धी उनाइसीकडे यायची, आणि उनाइसीची नारळाच्या दुधातली मासळी अर्धी तिच्याकडे जायची. त्या दिवशी उनाइसीने सगळी मासळी स्वतः खाल्ली आणि ती तिला पचली नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी, श्री. डन यायला सहा दिवस उरलेले असताना, उनाइसीने शेवटचा उपाय म्हणून एका रिकाम्या चंबूत साधे पाणी घेतले, त्यात बारीकसा तापमापक सोडला आणि तो थंड टाकीत ठेवला. टाकी खोटे बोलत असेल तर पकडू. सकाळी ठेवला, दुपारी काढला. बरोबर वीस. टाकी खरी निघाली.

“आता?” सुरुजमतीने विचारले. ती अजून जेवढ्यास तेवढेच बोलत होती.

“आता काय करू, दीदी? देवालाच विचारते.” आणि हातात तोच चंबू घेऊन उनाइसीने डोळे मिटले. दोन्ही तळवे काचेला, काच छातीला. आज तिने मागणेही बदलले. हे प्रभो, ज्याच्यामुळे हा घोटाळा होतो आहे त्याला माझ्यासमोर उभे कर, मी त्याला क्षमा करीन. क्षमा करण्याची तिची फार तयारी होती. क्षमेचे चार शब्दही मनात जुळवून झाले होते, त्यात ‘दीदी’ हा शब्द दोनदा येत होता. मग आमेन म्हणून तिने डोळे उघडले, आणि डोळ्यांसमोर, नाकापासून वीतभर अंतरावर, तापमापक होता.

सत्तावीस.

तिने चंबू खाली ठेवला. पुन्हा पाहिले. सुरुजमती पुढे झाली, तिनेही पाहिले. मग तिने उनाइसीचे हात पाहिले, मोठे, मऊ, कसावा सोलून सोलून रुंद झालेले, आणि पोळीसारखे गरम.

“उना,” ती हळूच म्हणाली, “तू अंडी उबवत होतीस गं.”

थंड पाण्यापेक्षा कोमट पाण्यात पावडर जास्त विरघळते, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. सरबतात साखर घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. प्रयोगशाळेच्या वहीत सगळे मिनिटामिनिटाने लिहिलेले होते. चंबू किती वाजता ठेवला, किती वाजता काढला, कुणी पुसला. काढल्यापासून गाळेपर्यंतची प्रार्थना तेवढी कुठे नव्हती. सुवात प्रार्थनेला कुणी काम म्हणत नाही. सभा असो, जेवण असो, रग्बीचा सामना असो, प्रार्थनेतून गेल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. उंबरठा ओलांडला हे कुणी वहीत लिहिते का?

उनाइसी स्टुलावर बसली. काळजी वाढली तशी प्रार्थना वाढली होती, प्रार्थना वाढली तशी पावडर विरघळली होती, आणि जास्त विरघळली म्हणून काळजी वाढली होती. म्हणजे पावडरीत काही नव्हते. गेले दोन आठवडे तिने स्वतःच्या काळजीचे मोजमाप केले होते, आणि ते एक दशांश ग्रॅमपर्यंत अचूक होते.

“दोनशे माणसांनी प्रार्थना केली होती,” ती पुटपुटली. “बरं तरी झालं, सगळ्यांनी हात नाही ठेवले. पाणी उकळलं असतं.”

सुरुजमती फसकन हसली. मग दोघीही इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून कुणीतरी दार वाजवले. हसू ओसरले तेव्हा उनाइसी म्हणाली, “दीदी, मी तुझ्या अगरबत्तीवर आळ घेतला.”

“घेतलास खरा.”

“माझं चुकलं.”

“चुकलंच. उद्या मासळी आण. दोघींपुरती आण, गेल्या वेळची धरून.”

आता वहीचा प्रश्न होता. चुकलेले आकडे खोडता येत नाहीत, त्यांचे कारण लिहावे लागते. सुरुजमतीने तोडगा सुचवला. “लिही ना, ‘हाताळताना उष्णता लागली’. खोटं कुठे आहे त्यात?”

खोटे नव्हते. पण अर्धे होते. उनाइसीने पेन उचलले, ठेवले, पुन्हा उचलले. प्रार्थनेमुळे मोजमाप बिघडले, असे स्वतःच्या हाताने लिहायचे म्हणजे देवाविरुद्ध साक्ष दिल्यासारखे तिला वाटत होते. शिवाय ते श्री. डन वाचणार, ब्रिस्बेनला जाऊन दुसऱ्यांना सांगणार. फिजीतल्या बाया रसायन कुरवाळत बसतात. ‘उष्णता लागली’ लिहिले तर कुणी हसणार नाही. पण तसे लिहून तिने वही मिटली असती, तर पुढच्या कामावर हात ठेवताना ती देवाला काय तोंड दाखवणार होती? वही म्हणजे काय घडले ते जसेच्या तसे सांगायची जागा. प्रार्थनाही तीच असते, असे ती रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत होती.

तिने लिहिले: ‘नमुना घेण्यापूर्वी चंबू प्रमुखांनी दोन्ही हातांत धरून प्रार्थना केली. अंदाजे वेळ: पहिला दोन मिनिटे, दुसरा पाच, तिसरा नऊ, चौथा अकरा, पाचवा चौदा. चंबू गरम झाले. पाचही आकडे बाद. दोष प्रार्थनेचा नसून हातांच्या जागेचा आहे.’ शेवटचे वाक्य शास्त्रीय नव्हते, पण ते खोडायला तिचे मन होईना.

नवे चंबू शनिवारी सकाळी लावले, तरच बुधवारी तिसरा आकडा हाती येणार होता. पण मग पहिला चंबू थंड टाकीत न्यायचा दिवस आला रविवार, आणि रविवारी उनाइसी चर्चशिवाय कुठेही जात नसे. ती बोटांवर दिवस मोजत तिथेच थबकली.

“असं काय बघतेस?” सुरुजमती म्हणाली. “माझा वार मंगळवार. रविवार तुझा. मी येऊन टाकी बदलीन. तू तिकडे माझ्या नावानं दोन शब्द बोल. लांबूनच बोल.”

सोमवारी पहिला चंबू काढायची वेळ झाली, आणि उनाइसीचे हात आपोआप पुढे झाले. तिने ते मागे घेतले. पाठीमागे बांधले, तेही जमेना. बावीस वर्षांचे व्रत होते. हात ठेवल्याशिवाय काम सुरू कसे होणार? टाकीच्या झाकणावर ठेवू? झाकण तापेल. टेबलावर? टेबल काय करणार आहे?

“माझ्यावर ठेव,” सुरुजमती म्हणाली.

“काय?”

“काम मीच करणार आहे ना? मग माझ्यावर ठेव. मी तापले तर आकडा नाही बदलत.”

उनाइसीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. चंबू टाकीतच राहिला, वीस अंशांवर, गप्प. प्रार्थना झाली, मग सुरुजमतीने चिमट्याने चंबू उचलला, अर्ध्या मिनिटात गाळला, आणि थेंब सोडू लागली. दोन पूर्णांक नऊ. मंगळवारी दोन पूर्णांक नऊ. बुधवारी तीन. पाण्याचे पोट पहिल्याच दिवशी भरलेले होते. बिचारे तीन आठवडे ओरडून सांगत होते, आता पुरे.

गुरुवारी श्री. डन आले. लांब, वाळकेसे गृहस्थ, शर्टाच्या खिशात चार पेने. त्यांनी आकडे नंतर पाहिले. आधी वही उघडली आणि बोट ठेवून ओळ न ओळ वाचू लागले. ते त्या पानावर आले तेव्हा उनाइसी खिडकीतून बंदरातली जहाजे मोजत होती. एकच जहाज होते, ते तिने तीनदा मोजले.

“चौदा मिनिटं?” श्री. डन म्हणाले.

“अंदाजे. घड्याळ पाहिलं नव्हतं. स्तोत्र म्हणायला किती वेळ लागतो त्यावरून काढलं.”

“काढलं कसं?”

“नंतर पुन्हा म्हणून पाहिलं. तीनदा. सरासरी आहे ती.”

“त्यात तुमचंही नाव होतं,” सुरुजमती मध्येच म्हणाली. “तुमच्या विमानासाठी.”

श्री. डन यांनी चष्मा काढून पुसला. “विमान फारच हललं,” ते म्हणाले, आणि पुढचे पान उलटले. शेवटी त्यांनी पाकीट फोडले, आतला कागद वहीशेजारी ठेवला. दोन पूर्णांक नऊ. उनाइसीने जवळ सापडले त्याला घट्ट धरले. तो सुरुजमतीचाच खांदा होता.

“मान्यता देतो,” श्री. डन म्हणाले. “मात्र एक उणीव नोंदवतोय. तीस दिवसांत दुरुस्त करा. तुमच्या इथे प्रत्येक नमुन्याआधी प्रार्थना होते, पण कामाच्या लेखी पद्धतीत तिचा उल्लेखच नाही. जे रोज होतं ते लिहिलेलं पाहिजे. किती वाजता, कुठे उभं राहून, हात कुठे.”

“हेही लिहायचं?”

“तुम्हीच आधी लिहिलंत. आता मागे कसं घेणार?”

ते जेवायला गेल्यावर उनाइसीने कोरा कागद घेतला. बाहेरून अगरबत्तीचा वास येत होता. ती उठली, तराजूच्या खोलीत गेली, पाटी काढली आणि बराच वेळ हातात धरून बसली. धूर आणि राख आत नको, हे तर आजही खरे होते. ‘देवकार्य’ एवढा शब्द तिने पेनाने खोडला, आणि खाली लिहिले, ‘देवकार्य तराजूला हात न लावता चालेल.’ पाटी पुन्हा लावताना एका हाताने खिळा धरला, दुसऱ्याने पाटी, आणि व्रताला हात उरला नाही म्हणून तिने कपाळ भिंतीला टेकवले.

मग ती पुन्हा कागदाकडे आली.

“कलम सात,” तिने मोठ्याने वाचले. “नमुना घेण्यापूर्वी प्रार्थना करावयाची असल्यास चंबू टाकीतच राहू द्यावा. हात ब्युरेटवर काम करणाऱ्या व्यक्तीच्या खांद्यावर ठेवावा. बरोबर आहे?”

“कुठल्या खांद्यावर?” सुरुजमतीने विचारले. ती पहिल्या खऱ्या प्रमाणपत्रावर सही करण्याआधी एका रद्दी कागदावर सही गिरवून पाहत होती.

“म्हणजे?”

“उजव्या हातानं मी तोटी फिरवते. तिकडे ठेवलास तर थेंब जास्त पडेल.”

उनाइसीने ‘खांद्यावर’ या शब्दाआधी ‘डाव्या’ असे लिहिले, आणि त्याखाली तारीख घातली.